चौथा पावसाळा आणि तीच गळती

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्या सलग चौथ्या पावसाळ्यात गळत आहेत आणि आता माझा संयम संपला आहे. दुसरीच्या वर्गात स्लॅबचा गिलावा सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत; खाली घमेले ठेवलेले असते आणि मुले दप्तरे छातीशी धरून कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात.

शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून मी या कामासाठी किती उंबरे झिजवले, याची गणती नाही. गटशिक्षणाधिकारी कार्यालय सांगते की अंदाजपत्रक बांधकाम उपविभागाकडून आले पाहिजे. तिथले अभियंता सांगतात की इमारत धोकादायक असल्याने दुरुस्तीवर खर्च टाकता येत नाही, आधी निर्लेखन, म्हणजे इमारत वापरातून बाद केल्याची सरकारी नोंद, करून घ्या. निर्लेखनाचा प्रस्ताव घेऊन गेले की एक दाखला कमी पडतो. ग्रामपंचायतीला विचारावे, तर शाळा जिल्हा परिषदेची, आम्ही काय करणार, असे उत्तर मिळते. मग त्याच शाळेत ग्रामसभा आणि मतदान केंद्र भरवताना ती गावाची कशी होते?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि शाळेचा विकास आराखडा समितीनेच करायचा आहे. तो आम्ही दरवर्षी करतो, त्यात छत पहिल्या क्रमांकावर लिहितो, सह्या करतो आणि तो फाइलला लागतो. शंभराच्या आत पट असलेल्या आमच्यासारख्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून जास्तीत जास्त २५ हजार रुपये अनुदान. त्यात खडू, वीजबिल, स्वच्छता भागवून स्लॅब कुठून होणार? उरते लोकवर्गणी, म्हणजे सोयाबीनला भाव नसलेल्या घरांपुढे पुन्हा हात पसरणे.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन मुले गेली. हे ठाऊक असूनही आमच्या प्रस्तावावर ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ एवढाच शेरा मारून तो पुढच्या टेबलावर ढकलला जातो, याची मला अतोनात चीड येते.

शिक्षण विभाग, बांधकाम विभाग, सरपंच आणि आम्ही पालक असे सगळे चार वर्षांत एकदाही एका वेळी त्या खोलीत उभे राहिलेलो नाही. पाऊस चालू असताना सर्वांनी तिथे यावे, कोणते काम कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत करणार हे तिथेच लिहावे आणि त्याखाली सही करावी. तोवर माझा मुलगा त्या सळ्यांखाली बसणार नाही.