टस्कनीचा एक दिवस आणि पन्नास जणांची बस

नाशिकच्या कट्ट्यावर वाद पेटला तो इटलीतल्या टस्कनीच्या एका ग्रुप टूरच्या कार्यक्रमावरून. त्यातला एक दिवस असा: सकाळी फ्लॉरेन्सहून निघून सान जिमिन्यानो, मग सिएना, मग कियांती या वाईनच्या मुलखातल्या दोन वायनरी, रात्री परत फ्लॉरेन्स.

"एका दिवसात एवढं दाखवतायत, पैसे वसूल की!" बापू म्हणाले. बापू द्राक्षबागायतदार, त्यामुळे वायनरीचं नाव निघालं की त्यांचा जीव तिकडेच.

"बापू, हा दिवस कागदावर बसतो, रस्त्यावर बसत नाही," अण्णांनी अडवलं. युरोपचे ग्रुप फिरवणं हा अण्णांचा धंदा. "फ्लॉरेन्स ते सान जिमिन्यानो तासाच्या वर. तिथून सिएना पाऊण ते एक तास. परतताना कियांतीच्या वळणांवरून आलात तर दोन तास कुठेच गेले नाहीत. वर पन्नास माणसं उतरायची-चढायची, म्हणजे दर थांब्याला पंधरा मिनिटं. टॉयलेटची रांग वेगळी."

"पण बस थेट चौकात सोडेल ना?"

"नाही सोडत. जुन्या गावांत झेडटीएल, म्हणजे ठराविक गाड्यांनाच मुभा असलेला भाग असतो, परवान्याशिवाय गाडी आत गेली की कॅमेरा टिपतो आणि दंड येतो. बस वेशीबाहेरच थांबते. सिएना टेकडीवर आहे. फोंतेब्रांदाच्या बाजूने वर जायला सरकते जिने आहेत. वाट माहीत नसलेला टूर मॅनेजर सगळ्यांना चढ चढवतो आणि मधल्या चौकाला, पियाझ्झा देल कांपोला पोचेपर्यंत ज्येष्ठ मंडळी दमलेली असतात."

बापूंनी तोडगा काढला, मग तासभर जास्त थांबायचं. अण्णांनी तोही खोडला. युरोपात ड्रायव्हरचे तास गाडीतल्या टॅकोग्राफ या यंत्रावर नोंदले जातात. दिवसाला गाडी चालवायची 9 तास, आठवड्यातून दोनदाच 10. रात्रीची विश्रांती सलग 11 तास, ती आठवड्यात मोजक्या वेळाच 9 वर आणता येते. जेवण लांबून बस रात्री साडेदहाला हॉटेलवर लागली, तर दुसऱ्या दिवशी साडेसातच्या आधी ती हलणारच नाही, आणि एरवी साडेनऊ. तिथे ड्रायव्हरची मनधरणी करून काही होत नाही.

माझ्या मते खरा मुद्दा ताईंनी काढला. त्यांचा वाईनचा अभ्यास पक्का. "बारा मीटरची बस सायप्रसच्या झाडांच्या रांगेतल्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यावर वळतच नाही. म्हणून मोठा ग्रुप जातो बसचं पार्किंग असलेल्या मोठ्या वायनरीत. लांब टेबलं, तीन घोट, लगेच दुकान. वाईन करणारा माणूस समोर येत नाही. मग तिथवर जाऊन कळलं काय?"

"द्राक्ष कोणतं?" बापूंचा प्रश्न.

"सांजोव्हेसे. आपल्या अकलूजला फ्रातेल्लीच्या बागांत आहे तेच. कियांती क्लासिकोत ते किमान 80 टक्के लागतं, ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनोत 100 टक्के. शिवाय ब्रुनेल्लो तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या 1 जानेवारीआधी विकताच येत नाही, त्यातली किमान दोन वर्षं लाकडी पिंपांत. एकाच बागेची रोस्सो, म्हणजे त्याच द्राक्षाची लवकर विकली जाणारी वाईन, आणि ब्रुनेल्लो शेजारी ठेवून चाखली, की त्या वर्षांनी काय केलं ते जिभेला कळतं. हे करायला एका वायनरीला दोन तास हवेत. दिवसाला दोन वायनरी पुष्कळ झाल्या."

बापू जरा वितळले. तिथे आपल्यासारख्या वर्षाला खरड आणि गोडी अशा दोन छाटण्या नसतात, वेल थंडीत झोपतो, छाटणी एकदाच आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, हे त्यांना बागेत उभं राहून बघायचं होतं. "मग तोडणीतच जाऊ!" ताई म्हणाल्या, "जा, पण लहान वायनरीत तेव्हा बोलायला कुणाला सवड नसते. बोलायचं असेल तर मे. सिएनाला 2 जुलै आणि 16 ऑगस्ट टाळा. पालियो या घोड्यांच्या शर्यतीसाठी कांपोवर माती टाकतात आणि हॉटेलं महागतात. पालियोच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी."

डॉक्टर इतका वेळ गप्प होते. "चार-पाच वाईन, प्रत्येकी 40 मिली धरा, म्हणजे 200 मिली. उपाशीपोटी एवढं घेऊन त्या वळणांवर बसलात तर मळमळणारच. आधी जेवा, मग चाखा. टेबलावरचं थुंकायचं भांडं बिनधास्त वापरा, तिथे सगळे वापरतात. विन सांतो ही गोड वाईन शेवटी."

जेवणावरून शाकाहाऱ्यांची काळजी निघाली. ताईंनी पिची सुचवली: हाताने वळलेली जाड शेवई, पारंपरिक पिठात फक्त मैदा आणि पाणी, वर लसूण-टोमॅटोचा सॉस. रिबोल्लिता हे पाव-घेवड्याचं सूप, पण त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा पडलाय का ते विचारायचं. पार्मिजानो आणि बहुतेक पेकोरिनो ही चीज प्राण्यांच्या रेनेटवर, म्हणजे त्यांच्या पोटातून काढलेल्या विरजणासारख्या द्रव्यावर जमवतात, हे कडक शाकाहाऱ्यांना आधीच सांगायला हवं. तिथला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नसतो.

बापूंचा शेवटचा आक्षेप वाजवी होता: "पन्नासांऐवजी अठरा जणांचा लहान ग्रुप केला आणि त्यांच्यात ड्रायव्हर-गाइडचा खर्च वाटला तर माणशी किती पडेल?" जास्त पडेल, अण्णांनी मान्य केलं. त्यावर त्यांचा उपाय असा: मोठा ग्रुप मोठ्या बसने सिएनाला न्यायचा आणि तिथेच तीन रात्री ठेवायचा, म्हणजे रोज बॅगा भरणं वाचतं. वायनरीच्या एका दिवसापुरत्या लहान गाड्या घ्यायच्या, निम्मे ब्रुनेल्लोच्या मोंताल्चिनोला, निम्मे पिएंझा या गावाला, दुपारी अदलाबदल. पैसे कमी पडले तर पिसा वगळायचं. बुकिंगआधी लेखी विचारायचं: त्या दिवशी गाडी किती सीटची, वायनरीचं नाव काय, चाखण्याचे पैसे धरलेत का, आणि हॉटेलवर भरायचा सिटी टॅक्स कुणाचा. हा टॅक्स बऱ्याच पॅकेजांत धरलेला नसतो.

पिसा वगळायला बापू तयार नाहीत. बाटल्यांचा हिशेब मात्र त्यांनी लगेच केला: भारतात माणशी 2 लिटर ड्युटी-फ्री, बाटली पाऊण लिटरची, म्हणजे दोन. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर, ड्युटी भरा. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवायच्या, केबिनमध्ये नाही.