सात मात्रांचा ग्रूव्ह निसर्गाविरुद्ध? एका फिरत्या मजकुराला उत्तर

ड्रम शिकणाऱ्यांसाठी ‘पाच सत्ये’ सांगणारा एक मजकूर गेले काही आठवडे मोबाइलवरून फिरतो आहे. मलाही तो दोन-तीनदा आला होता आणि मी तो वाचण्याचे कष्ट घेतले नव्हते. गेल्या आठवड्यात माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याने तोच मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिले, “मावशी, मी सात मात्रांचा जो ग्रूव्ह बसवला होता, तो मुळातच चुकीचा होता का? आता त्यात एक नोट वाढवून तो नीट केला आहे.” ग्रूव्ह म्हणजे ड्रमवर पुन्हा पुन्हा फिरणारी तालाची आकृती. तीन वर्षे मन लावून शिकणाऱ्या मुलाने स्वतःच्या कानाने शोधलेली चांगली गोष्ट असल्या मजकुरापायी मोडून टाकावी, याचा मला मनापासून राग आला आणि म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मजकुरातील विधाने थोडक्यात अशी आहेत. पहिले, पाच आणि सात मात्रांचे ताल निसर्गाविरुद्ध आहेत, कारण माणसाला पाय दोन आणि हृदयाचे ठोकेही दोन-दोनच्या जोडीत पडतात. दुसरे, ७/८ (आवर्तनात सात एट्थ नोट, म्हणजे अर्ध्या ठोक्याच्या नोट) म्हणजे ४/४ (आवर्तनात चार पूर्ण ठोके) मधून एक एट्थ नोट कापली की झाले. तिसरे, ठोक्याबाहेर जितके जास्त वाजवाल तितके सिंकोपेशन, म्हणजे अनपेक्षित जागी दिलेले वजन, उत्तम. चौथे, मोठ्याने एक ते सात मोजता आले की सात वाजवता येतात. पाचवे, ४/४ मध्ये मिनिटाला २०० ठोक्यांचा वेग गाठल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही टाइम सिग्नेचरला, म्हणजे ७/८ सारख्या मापाला, हात लावू नये.

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या विधानाने होते, म्हणून त्यावर थांबणे भाग आहे. दोन पायांचा दाखला खरा मानायचा तर तीन मात्रांचा वॉल्ट्झही निसर्गाविरुद्ध ठरतो, आणि तसे म्हणण्याचे धाडस या मजकुराच्या लेखकानेही केलेले नाही. बल्गेरियातील राचेनित्सा हे नृत्य ७/८ मध्ये, २+२+३ अशा विभागणीवर नाचले जाते. त्याच्या साध्या चालीत प्रत्येक आवर्तनात तीन पावले पडतात, दोन आखूड आणि एक लांब, आणि पावले तीन असल्यामुळे दर आवर्तनाला सुरुवातीचा पाय आपोआप बदलतो. ग्रीसमधील कलामातियानोस हे नृत्यही सात मात्रांचेच आहे, पण तिथे लांब पाऊल आधी येते, ३+२+२. आपल्या रूपक तालाच्या सात मात्रांची विभागणीही तीन, दोन, दोन अशीच आहे. ही सगळी माणसे दोन पायांचीच आहेत.

हृदयाचा दाखला तर त्याहून कच्चा आहे. विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला ७५ ठोके पडत असतील, तर एक आवर्तन ०.८ सेकंदाचे होते. त्यातला आकुंचनाचा काळ ढोबळमानाने ०.३ सेकंद आणि प्रसरणाचा ०.५ सेकंद असतो. म्हणजे छातीला कान लावल्यावर ऐकू येणाऱ्या दोन आवाजांमधली अंतरे सारखी नसतात, ती साधारण ३:५ या प्रमाणात असतात. यावरून मला कोणताही ताल श्रेष्ठ ठरवायचा नाही, पण ज्याने हा पुरावा पुढे केला आहे, त्याच्या बाजूने तो बोलत नाही, हे स्पष्ट आहे.

या प्रश्नावर नेमके संशोधन झालेले आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकसंगीताच्या धर्तीच्या धुना ऐकवल्या होत्या, काही सम विभागणीच्या आणि काही बाल्कन पद्धतीच्या विषम विभागणीच्या. मग त्याच धुनांची अशी रूपे ऐकवली, की काहींत मूळ विभागणी शाबूत होती आणि काहींत ती बिघडवलेली होती. उत्तर अमेरिकेतील प्रौढांना सम धुनेतला बिघाड कळला, विषम धुनेतला नीट कळला नाही. बाल्कन प्रदेशातून आलेल्या प्रौढांना दोन्हींतला कळला. आणि सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांनाही दोन्हींतला कळला. ज्या कानावर अजून कोणत्याच संगीताचा पक्का संस्कार झालेला नाही, तो कान सात मात्रांना परके मानत नाही. परकेपणा नंतर, सतत एकाच प्रकारचे संगीत ऐकून येतो. याच दोघींच्या त्याच वर्षीच्या पुढच्या अभ्यासात वर्षभराच्या बाळांमध्ये हा कल दिसू लागला होता, पण घरी काही काळ विषम तालांचे संगीत ऐकवल्यावर त्यांचा कान पुन्हा खुला झाला. प्रौढांना मात्र तेवढ्या ऐकण्याने ते साधले नाही. म्हणून मोठ्या वयात सात मात्रा अंगात मुरायला वेळ लागतो, हे मी मान्य करते. मात्र वेळ लागणे आणि निसर्गाविरुद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला त्या एकच आहेत असे सांगणे हा अन्याय आहे.

दुसऱ्या विधानात अर्धे सत्य आहे आणि ते मला कबूल करावे लागते. हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) सात एट्थ नोट, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या आणि पाचव्या नोटवर, स्नेअर (खणखणीत आवाजाचा ड्रम) तिसऱ्या आणि सातव्या नोटवर, आणि सातवीनंतर लगेच पुन्हा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली नोट, असे वाजवले की ४/४ चा सरळ ग्रूव्ह शेवटी अर्धे पाऊल लवकर वळल्यासारखा ऐकू येतो. ही पद्धत रॉकमध्ये रूढ आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र ७/८ म्हणजे एवढेच, असे म्हटले की बाकीची दारे बंद होतात. त्याच हाय-हॅटवर किक फक्त पहिल्या नोटवर आणि स्नेअर चौथ्या व सहाव्या नोटवर ठेवून पाहावे. मात्रा सातच राहतात, पण आता ३+२+२ ऐकू येते आणि काहीतरी कापले गेले आहे ही भावना उरत नाही, कारण कापायला मुळात आठ नव्हतेच.

भाच्याचा ग्रूव्ह तिसऱ्या प्रकारचा होता, २+२+३. किक पहिल्या आणि चौथ्या नोटवर, स्नेअरचा खणखणीत घाव पाचव्या नोटवर आणि त्याच लांब गटात पुढे दोन घोस्ट नोट, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या नोट, काठी स्नेअरच्या पडद्यापासून दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा वर न उचलता वाजवलेल्या. यातली चौथ्या नोटवरची किक हे खरे सिंकोपेशन आहे. चौथी नोट दुसऱ्या जोडीतली दुबळी नोट असते, तिथे वजन अपेक्षित नसते, आणि अनपेक्षितपणे आलेले ते वजन ऐकणाऱ्याला पाचव्या नोटेवरच्या स्नेअरकडे ढकलते.

हेच तिसऱ्या विधानाला उत्तर आहे. सिंकोपेशन हे ठोक्याबाहेरच्या घावांच्या संख्येवर मोजायचे नसते. ऐकणाऱ्याच्या मनात ठोक्याचा सांगाडा उभा असेल, तरच त्याच्या विरुद्ध पडलेला घाव जाणवतो. सांगाडा कुठेच न दाखवता सगळे घाव ठोक्यांच्या मध्ये वाजवले, तर चार-सहा आवर्तनांत कान त्या घावांनाच ठोका समजू लागतो आणि सिंकोपेशन नाहीसे होते. डेव्ह ब्रुबेक या जॅझ पियानोवादकाच्या चौकडीच्या १९५९ सालच्या ‘टाइम आउट’ या अल्बममधील पॉल डेझमंड यांची ‘टेक फाइव्ह’ ही ५/४ मधील रचना या दृष्टीने ऐकावी. जो मोरेलो यांच्या ड्रम सोलोच्या काळात पियानो ३+२ ची तीच आकृती धरून ठेवतो, आणि त्यामुळेच मोरेलो यांना मधल्या जागा मोकळ्या सोडता येतात आणि सोडलेली जागाही कानाला मोजता येते. किटवर एकट्याने वाजवताना पियानोचे हे काम हाय-हॅट किंवा राइड ही मोठी झांज धरलेल्या हाताने करायचे असते. म्हणून मध्यम पातळीवरच्या वादकाने आधी तो हात अढळ करावा, मग किकची एकच नोट जागेवरून हलवावी, ती पक्की झाल्यावर दुसरी.

चौथ्या विधानातला मोजण्याचा आग्रह पहिल्या दिवशी उपयोगी आहे, कारण कोणती नोट कुठे पडते ते शोधायला आकडे लागतातच. पुढे मात्र तेच आकडे आडवे येतात. एक ते सात सलग म्हणताना सगळे आकडे सारख्याच वजनाने तोंडातून येतात, हात-पायही तसेच सपाट पडू लागतात आणि विभागणी पुसली जाते. शिवाय बाकीचे आकडे एका झटक्यात म्हणता येतात, ‘सहा’चे मात्र उच्चारात ‘स-हा’ असे दोन तुकडे पडतात. वेग वाढला की तो लांबतो आणि सहावी नोट त्याच्याबरोबर मागे रेंगाळते, हे मी शिकवताना अनेकदा ऐकले आहे. त्यापेक्षा ‘तक तक तकिट’ म्हणावे. सात अक्षरे, तीन शब्द, आणि प्रत्येक शब्दाच्या आरंभी आपोआप येणारे वजन. विभागणी ३+२+२ हवी असेल, तर ‘तकिट तक तक’.

पाचव्या विधानात ४/४ पक्के असावे एवढा भाग बरोबर आहे, आणि तो सांगायला या मजकुराची गरज नव्हती. २०० च्या वेगाची अट निराधार आहे. मिनिटाला ६० च्या वेगाने दोन सिक्स्टीन्थ नोटमध्ये (पाव ठोक्याच्या नोटमध्ये) पाव सेकंद असतो, आणि तो पाव सेकंद प्रत्येक वेळी तेवढाच ठेवणे वेगाने वाजवण्याइतकेच कठीण आहे. ज्याला ते जमते, त्याने ७/८ सुरू करायला हरकत नाही. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने क्लिक देणारे यंत्र, क्वार्टर नोटवर (पूर्ण ठोक्यावर, म्हणजे दर दोन एट्थ नोटना एक क्लिक) ठेवावा. पहिल्या आवर्तनात क्लिक पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या नोटवर पडेल, दुसऱ्यात दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या नोटवर, आणि तिसऱ्या आवर्तनाची सम क्लिकवर परत येईल. दुसरे आवर्तन न डगमगता पार पडले, तर विभागणी आपल्या अंगात आहे, क्लिकच्या आधारावर उभी नाही, याची खात्री होते.

भाच्याने वाढवलेल्या त्या एका नोटेने काय झाले, तेही सांगायला हवे. आठ नोट झाल्यावर पाचव्या नोटवरचा स्नेअर बरोबर आवर्तनाच्या मध्यावर आला, आणि त्याचा ग्रूव्ह हाफ-टाइमचा (आवर्तनात स्नेअर एकदाच, मध्यावर पडणारा) नेहमीचा ४/४ होऊन बसला. चौथ्या नोटवरची किक तशीच होती, पण लांब आणि आखूड गटांतला फरकच गेल्यामुळे तिची ओढ सौम्य झाली. मी त्याला दोन्ही रूपे ६० च्या वेगाने प्रत्येकी दोन मिनिटे रेकॉर्ड करून पाठवायला सांगितले. काल रात्री रेकॉर्डिंग आले. दुसऱ्या फाइलमध्ये, सातव्या नोटेनंतर, तो थेट समेवर येतो, आणि तिथे कुठेही अडखळलेला नाही.