बार्सिलोना उरकावी कशी

बार्सिलोनाला दीड दिवस पुरतो. चार दिवस लागतात असं सांगणाऱ्याकडे रजा जास्त आणि देश कमी असतात, त्याचं ऐकू नका.

जाण्याआधी वाचन तर मुळीच नको. वाचलेला माणूस जागोजागी थांबतो आणि तो थांबला की अख्ख्या ग्रुपची बस खोळंबते. गौदी या वास्तुशिल्पकाराचं एक नाव पाठ केलंत की झालं. शहरात जे जे वाकडंतिकडं दिसेल ते त्याच्या नावावर खपवावं. पलाउ द ला मुझिका हे संगीतगृह आणि सांत पाउचं ते नक्षीदार रुग्णालय दोमेनेक इ मोंतानेर या भलत्याच माणसाने बांधलं, पण एवढं मोठं नाव उच्चारेपर्यंत बस पुढच्या चौकात पोचते.

पासेज द ग्रासिया या रस्त्यावरचं, गौदीने घडवलेलं कासा बात्यो हे घर समोरच्या फुटपाथवरून बघावं. हाडांसारखे खांब, ड्रॅगनच्या पाठीसारखं छप्पर, एक सेल्फी, संपलं. आत जाऊ नका, त्रास होतो. आतल्या चौकाच्या भिंतींना निळ्या फरश्या आहेत, वर गडद आणि खाली येता येता फिकट. खिडक्या वर लहान, खाली मोठ्या. का, तर तळमजल्यावरच्यालाही वरच्याइतका उजेड मिळावा! आपल्या सोसायटीच्या डक्टमध्ये पाइप, कबुतरं आणि तिसऱ्या मजल्यावरून पडलेला टॉवेल असतो. घरी परतल्यावर स्वयंपाकघराची खिडकी उघडवत नाही.

जवळच कासा मिला. १९१२च्या सुमारास ही इमारत पुरी झाली तेव्हा लोकांनी टिंगलीने तिला ‘दगडाची खाण’ म्हटलं. फीवरून गौदी आणि मालक यांची कोर्टबाजी झाली, गौदी जिंकला आणि त्याने सगळे पैसे जोगिणींच्या मठाला देऊन टाकले. हा किस्सा आपल्या इंटिरिअरवाल्याला सांगू नये. तो पहिला अर्धाच लक्षात ठेवील.

पार्क ग्वेलला मात्र वेळ द्या, तिथे फोटो चांगले येतात. मुळात ही बाग नव्हेच. ग्वेल नावाच्या उद्योगपतीने १९०० साली श्रीमंतांसाठी वसाहत आखली, साठ प्लॉट पाडले आणि घरं झाली दोन. हे ऐकल्यावर ‘लोकेशनच चुकलं’ असं म्हणणारे एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. या बाबतीत ते बरोबरही असतात. वरच्या अंगणावर पडणारा पाऊस वाळूतून गाळून, ८६ खांबांच्या दालनातल्या खांबांमधून खालच्या टाकीत उतरावा, अशी योजना गौदीने केली होती. आपल्याला त्याचं काय? तुम्ही जिन्यावरच्या रंगीत सरड्याच्या गळ्यात हात टाका. मागे रांग लागली असेल तर दोन्ही हात टाका.

पार्काजवळून ११६ नंबरची छोटी बस जाते. पर्यटकांनी ती इतकी भरायची की तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढता येईना. शेवटी २०२४ साली महापालिकेने गूगल मॅप्समधून तो मार्गच काढायला लावला. म्हणजे बस आहे, फक्त आपल्यापासून लपवलीय! शोधून काढावी आणि खिडकी पकडावी. त्याच वर्षी जुलैत मोर्चेकऱ्यांनी हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. त्यांची घरभाडी आपल्यामुळे वाढतात म्हणे. आपण रंगपंचमी समजून हसावं आणि त्याचाही व्हिडिओ काढावा.

शेवटी साग्रादा फामिलिया, म्हणजे गौदीचं चर्च. ‘अजून बांधतायत?’ हा विनोद करायलाच हवा. गाइडने तो रोज ऐकलेला असतो, तरी हसतो; टिप त्याचीच असते. काम सुरू झालं १८८२ला, गौदी आला १८८३ला आणि १९२६मध्ये ट्रामखाली सापडून गेला. कपडे इतके जुनाट की लोकांना भिकारी वाटला. पुढे १९३६मध्ये जमावाने त्याचे नकाशे जाळले, प्लास्टरच्या प्रतिकृती फोडल्या, आणि त्या तुकड्यांवरून मागच्यांनी काम रेटलं. बांधकामाचा परवाना मिळाला २०१९ला. अर्ज १८८५चा होता. आपल्या महापालिकेला नावं ठेवणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं शांत उभं राहावं.

चर्च उभं राहतंय देणग्यांवर आणि तिकिटांवर. म्हणजे तुमच्या पैशांनी एखादा दगड बसणार. पैसे दिले, आता बघायचीही सक्ती कशाला? दाराशी दोन खांब आहेत, एक जमिनीवरच्या कासवाच्या पाठीवर आणि एक समुद्रातल्या. वाकून बघायला लागतं, सोडून द्या. आत झाडांसारखे फुटत गेलेले खांब आहेत, तिथे मान वर करावी लागते, तेही सोडा. सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड येतो, दुपार कलल्यावर पश्चिमेकडून लाल-केशरी. तुमच्या टूरचं तिकीट साडेबाराचं, जेवणाआधीचं. काळजी नको. फोनमध्ये दोन्ही फिल्टर आहेत.