निपाणीचा स्तर कोणता?

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. कप खाली ठेवेपर्यंत मी 'क्रायटेरिया तीन'चा समन्वयक झालो होतो.

ज्यांना हे सुख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नॅक म्हणजे कॉलेजांची तपासणी करून श्रेणी देणारी संस्था. तिचे सात निकष. त्यातला तिसरा संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्याचा. प्राध्यापक, विद्यार्थी, ऑफिसातली मंडळी यांनी वर्षभरात काय शोधलं, लिहिलं, गायलं, वाजवलं ते सगळं एक्सेलच्या चौकटींत बसवायचं आणि प्रत्येक चौकटीला पुरावा जोडायचा. "तुम्ही मराठीचे. तुम्हाला लिहायची सवय आहे," प्राचार्य म्हणाले. मंडळाच्या अहवालापासून निरोपसमारंभाच्या मानपत्रापर्यंत सगळं मराठीच्या मास्तराच्या गळ्यात घालायची कोल्हापुरात रीतच आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला. बेचाळीस जणांनी अंगठा दाखवला. भरून आलेले फॉर्म शून्य. आठवड्यानं स्मरणपत्र टाकलं, त्याला जोडलेले हात आले. शेवटी तालमीची पोरं वर्गणीला निघतात तसा मी फाईल काखेत मारून दारोदार निघालो.

फिजिक्सच्या सरांचं काम खरोखर मोठं. काचेवर नॅनोमीटरमध्ये मोजायचे थर चढवतात आणि त्यावर पेपर लिहितात. त्यांनी बिचाऱ्यांनी 'थिन फिल्म, तीन' असं चिठ्ठीवर लिहून दिलं. आमच्या क्लार्कनं ते 'नाट्य व चित्रपट' या रकान्यात चढवलं. त्याला तरी काय बोलणार? ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, त्या गावात फिल्म म्हटल्यावर काच कुणाच्या डोक्यात येणार? उलट त्यानं मलाच विचारलं, "तिन्ही थेटरला लागल्या का ओ?"

इतिहासाच्या सरांची कथा करुण आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, केअर नावाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या नियतकालिकातच छापून यायचं, असा त्यांचा पण होता. तीन वर्षं ते वाट बघत बसले. पेपर छापून आला आणि २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीच बंद केली. आमच्या फॉर्ममध्ये मात्र 'केअर यादीत आहे काय?' हा रकाना अजून शाबूत आहे. सरांनी त्यात "होती" असं लिहिलं. इतिहासाचा माणूस, भूतकाळ बरोबर वापरतो.

माझ्याच विभागातल्या मॅडमचा संतसाहित्यावरचा लेख वाङ्मयचौर्य तपासणीच्या यंत्रात घातला, तर अडतीस टक्के साम्य निघालं. दहापर्यंत चालतं. अवतरणं वगळायची खूण करायची राहिली होती, म्हणून अख्खे अभंग पकडले गेले. मॅडमनी तुकोबांचं चोरलं की तुकोबांनी मॅडमचं, एवढंच यंत्र सांगत नव्हतं.

कॉमर्सच्या सरांनी पुस्तक लिहिलंय म्हणून सांगितलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मागितला तर दहा आकडे पाठवले. हल्ली तो तेरा आकडी असतो, म्हणून मला शंका आली. फोन लावून बघितला. पलीकडून आवाज आला, "बोला, कार्डं छापायची का पावतीपुस्तकं?" सर म्हणाले, "पुस्तकाच्या मागं तोच नंबर हाय की सर!"

विद्यार्थ्यांकडे प्रतिभा उतू जाते, प्रमाणपत्र मात्र नसतं. युवा महोत्सवातल्या एकांकिकेच्या तालमी पोरांनी महिनाभर रात्री दहापर्यंत केल्या. पुरावा काय, तर वॉचमननं तक्रारवहीत लिहिलेलं 'वर्ग क्रमांक ७ मधून रडण्याचा आवाज'. मी त्याचीच झेरॉक्स जोडली.

पण खरा पेच पडला आमच्या शिपाईमामांपाशी. मामा हलगी वाजवतात. अशी वाजवतात की पंचगंगेच्या पलीकडच्या माणसाचा पाय हलावा. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात मला एवढं एकच नाव मिळालं होतं. पुढचा रकाना होता 'स्तर'.

"मामा, यंदा कुठं कुठं वाजवलासा?"

"जोतिबाला, कागलात, आनि निपाणीला येक लगीन."

आता निपाणी. कोल्हापूरहून एसटीत बसलं तर मासिक चाळून होईपर्यंत येते. पण नकाशानं ती कर्नाटकात. म्हणजे राज्याबाहेर, म्हणजे मामांचा स्तर थेट राष्ट्रीय! गुण भरपूर. पण निपाणीपुढं 'परराज्य' लिहायला कोल्हापुरातल्या मराठीच्या मास्तराचा हात उचलेल कसा? सीमाप्रश्नाच्या मोर्चात घोषणा दिलेला घसा आहे हा. 'स्थानिक' लिहावं तर मामांचे गुण जातात. प्राचार्यांना विचारलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे म्हणून लिहा."

मला राहून राहून शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार आठवत होते. १९६२ साली नवं विद्यापीठ उभं करायचं आणि वर ताराबाईकालीन कागदपत्रं संपादित करायची, एवढा पसारा त्या माणसानं मांडला. हे करताना जिओटॅगचा फोटो त्यांना कुणी मागितला नसावा, एवढाच माझा अंदाज.

कारण शेवटी घोडं अडलं ते तिथंच. प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो हवा आणि त्यावर तारीख, अक्षांश, रेखांश उमटलेले हवेत. आमच्या संशोधन-पद्धती कार्यशाळेचे चाळीस फोटो निघाले. अडतिसांत प्राचार्य दीपप्रज्वलन करताना, दोनांत नुसतीच समई. अक्षांश एकातही नाही. सगळ्यांचे मोबाईल पालथे घातले, तेव्हा त्या दिवसाचा एकच जिओटॅगवाला फोटो सापडला. तारीख ठळक, रेखांश स्वच्छ, आणि सगळे तज्ज्ञ एका टेबलाभोवती मिसळ खाताना. कार्यशाळेनंतर गेलो होतो, तेव्हाचा.

मी खाली 'समारोपाच्या सत्रातील विचारमंथन' असं लिहून तो चढवला. खोटं त्यात काही नव्हतं; त्या टेबलावर जेवढा वाद झाला तेवढा हॉलमध्ये दिवसभर झाला नव्हता.

दोन महिन्यांनी वरून शंका आली. एकच ओळ होती: 'सहभागी ११ दर्शविले असून छायाचित्रात १४ वाट्या दिसतात. खुलासा करावा.'

मी त्याच दिवशी प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी उत्तर धाडलं: 'उपरोक्त ३ वाट्यांमध्ये कट असून तो स्वतंत्र मागविला होता.'