टेकडी वाचली, ओढा गेला

पुण्यात हिरवाईचं भांडण नेहमी हेक्टरवर होतं. महापालिकेत समाविष्ट २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण आहे. ते टिकावं म्हणून लोक वर्षानुवर्षं हरकती घेत आले, मोर्चे काढत आले, आणि ते गरजेचंच होतं. पण तुकडे मोजण्याच्या नादात त्यांना जोडणारे धागे मोजायचे राहिले. आपल्या शहरात हे धागे म्हणजे ओढे.

नकाशा उघडून बघा. इकडे वेताळ, पाषाण, बाणेर या टेकड्या. तिकडे पर्वती, तळजाई, पाचगाव आणि मागे कात्रजचा डोंगर. मधे सगळं डांबर आणि सिमेंट. पक्षी उडून जातील. मुंगूस, उदमांजर, बेडूक, खेकडा यांनी कुठून जायचं? काठाला करंज, उंबर, जांभूळ आणि दगडांखाली ओल असलेला ओढाच त्यांचा रस्ता. आंबील ओढा कात्रजहून निघून शहरातून मुठेला मिळतो, म्हणजे डोंगर ते नदी अशी सलग वाट. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला आणि त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: सीमाभिंत. उभी काँक्रीटची भिंत घातली की पाणी जिरत नाही, वेग वाढतो आणि खालच्या वस्तीवर जास्त जोरात आदळतं. शिवाय आत पडलेलं जनावर बाहेर चढू शकत नाही ते वेगळंच. माती धरायचीच असेल तर उतरता काठ आणि जाळीत भरलेले दगड चालतात. त्याला जागा जास्त लागते, आणि खरी अडचण तीच आहे, कारण ती जागा आधीच कुणीतरी भराव टाकून खाल्लेली असते.

आता टेकडीवरून रस्ता न्यायचा म्हटला की ‘जागा किती जाते? जेमतेम तीन टक्के’ हे वाक्य ठरलेलं. गणित करू. १ किलोमीटर बाय १ किलोमीटरचा तुकडा, म्हणजे १०० हेक्टर. उजेड, आवाज, कुत्री, कचरा यांचा त्रास कडेपासून १०० मीटर आत पोचतो असं धरा. मधे निवांत गाभा उरतो ६४ हेक्टरचा. या तुकड्याच्या मधोमध ३० मीटर रुंदीचा रस्ता काढा. रस्त्याने खाल्ले ३ हेक्टर. पण रस्त्यालाही दोन नव्या कडा आल्या, त्यामुळे दोन्ही बाजूंचा गाभा मिळून राहतो ४६ हेक्टरच्याही थोडा खाली. कागदावर ३, प्रत्यक्षात १८. शिवाय त्या ४६ चे दोन तुकडे, आणि मधे रात्रभर हेडलाइट.

भरपाई म्हणून झाडं लावतात, तीही गवताळ माळावर. आपल्या टेकड्यांचा बराच भाग मुळात कुसळीचा, तुरळक झाडांचा. तिथे चर खणून वरची वितीएवढी माती मुरुमाखाली गाडायची आणि वर गिरिपुष्प लावायचं, म्हणजे जमिनीवर घरटं करणारा चंडोल गेलाच. (हिरवं दिसतं मात्र छान.)

रस्ता होणारच असेल तर निदान मोरी, म्हणजे रस्त्याखालून ओढा नेणारी वाट, नीट करा. गोल पाईप टाकला की पावसात पाणी त्यातून बंदुकीसारखं सुटतं, खालच्या तोंडाशी खड्डा पडतो आणि पाईपचं तोंड हातभर वर लटकतं. मासे आणि खेकडे तिथेच अडतात. त्यापेक्षा चौकोनी मोरी घ्या, तिचा तळ ओढ्याच्या तळाखाली ३० सेंटीमीटर दाबा आणि वर ओढ्यातलेच दगडगोटे पसरा. एका भिंतीला नेहमीच्या पाण्याच्या वर राहील असा अर्धा मीटर रुंद कट्टा काढा. मुंगूस पाण्यात उतरणार नाही, कोरड्या कट्ट्यावरून मात्र जाईल. कट्टा दोन्ही टोकांना काठाला टेकलाच पाहिजे, नाहीतर तो हवेतच संपतो. तोंडाशी दिवा नको. कचरा अडवायची जाळी मोरीच्या तोंडावर न लावता बरीच वर, माणसाला उतरून साफ करता येईल अशा जागी लावा.

आणि पावसाळ्याआधीची नालेसफाई! जेसीबी एका दिवसात तळापासून काठापर्यंत सगळं खरवडतो. गाळ आणि प्लास्टिक काढाच, पण यंदा एक काठ, पुढच्या वर्षी दुसरा. काढलेला गाळ तिथेच काठावर ठेवला तर पहिल्याच पावसात परत आत येतो, हे दरवर्षी दिसतं.

पुढच्या हरकतीच्या अर्जात ‘झाडं किती तोडणार’ याच्या खाली आणखी एक ओळ घाला: मोरीचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा किती सेंटीमीटर खाली आहे, त्याचा आडवा छेद द्यावा.