मसाल्याचं माप मागू नका, शेंगदाणा आहे का ते विचारा

आमच्या नाशिकच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. मामींनी गंगापूर रोडच्या एका मिसळवाल्याला काळ्या मसाल्याची रेसिपी विचारली, तो म्हणाला ताई तेवढं सोडून काहीही विचारा, आणि तेव्हापासून निम्मे म्हणतायत एवढा कसला भाव खायचा, आम्ही काय समोर गाडी लावणार आहोत का, आणि निम्मे म्हणतायत अहो त्याचं पोट आहे त्याच्यावर. मी इथे इंग्लंडात लेस्टरमध्ये बसून वाचतोय आणि मला तर मिसळवाल्याचंच पटतं.

कारण मिसळीत बाकी काय लपवण्यासारखं आहे? मोड आलेली मटकी, शेव, कांदा, लिंबू, पाव, आपल्याकडे सोबत पापड नि दही, हे सगळीकडे सारखंच मिळतं. फरक पडतो रश्श्यात, म्हणजे कांदा-खोबरं किती काळं होईपर्यंत भाजलं, दगडफूल किती घातलं, मिरची कुठली, तर्रीला तेल किती सोडलं. आणि हा मसाला कितीतरी ठिकाणी हॉटेलात बनतच नाही, घरी आई नाहीतर बायको करते आणि सकाळी डब्यातून येतो, कारण हॉटेलात सगळ्यांसमोर केला तर उद्या आचारी चार पैसे जास्त मिळाले की पलीकडच्या चौकात तीच मिसळ विकणार. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्याकडे आपण जे मागतो ते खरं तर घरातल्या त्या बाईचं असतं, जिचं नाव बोर्डावर पण नसतं, आणि ते पण फुकट मागतो.

बरं कायदा तरी तिच्या मदतीला येतो का, तर नाही. नुसत्या साहित्याच्या यादीवर कॉपीराइट मिळत नाही, पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते. ब्रिटनमध्ये ट्रेड सिक्रेटसाठी, म्हणजे धंद्यातल्या गुपितासाठी, २०१८ पासून वेगळे नियम तरी आहेत, भारतात त्याचा स्वतंत्र कायदाच नाही. मग गप्प बसणं हेच तिचं संरक्षण. कोका-कोलाने १९७७ साली भारत सोडला, भांडवलाच्या अटी होत्याच पण फॉर्म्युला द्यायची पण तयारी नव्हती, त्यांना आपण कधी कंजूस म्हणालो नाही, मग मिसळवाल्याला का म्हणायचं?

ग्रुपवर भाऊ मला म्हणतो, तुमच्याकडचे शेफ तर सगळं सांगतात की. सांगतात, खरंय. लंडनच्या डिशूम या रेस्टॉरंटने २०१९ मध्ये कुकबुक काढलं, त्यात त्यांची ती फेमस काळी डाळ पण दिली आणि तरी दारातली रांग काही कमी झाली नाही. पण ते पुस्तक विकत घ्यावं लागतं ना, आणि तोवर त्यांच्या कितीतरी शाखा झाल्या होत्या, नाव झालं होतं. एका गाळ्यात सकाळपासून दुपारपर्यंत मिसळ विकणाऱ्याला तोच नियम कसा लावणार?

मला इथली जी गोष्ट नाशिकला हवीय ती वेगळीच आहे. माझ्या मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. इथे कुठल्याही हॉटेलात विचारलं की कशात काय आहे ते सांगावंच लागतं, अॅलर्जीच्या १४ गोष्टींची यादी कायद्यात आहे आणि त्यात शेंगदाणा, तीळ, मोहरी तिन्ही आहेत, म्हणजे आपलं अर्धं स्वयंपाकघर. पोरगा आत जातो, फाइल घेऊन येतो, एकेका पदार्थासमोरच्या खुणा बोटाने दाखवतो. आणि यात शेफचं एकही माप बाहेर जात नाही! नाशिकला मात्र मी विचारलं की "काही होत नाही हो, खाऊ द्या लेकराला" असं प्रेमाने सांगतात, आणि त्या प्रेमाचीच मला भीती वाटते, कारण कूट रश्श्यात आहे की नाही हे माहीत नसताना मी तिला घास भरवू कसा.

भारतात पाकिटावर नियम चांगला आहे, मसाला पाकिटात भरून विकला की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेच लागतात, प्रमाण सांगायची सक्ती सहसा नाही. गिऱ्हाईकाला काय आहे ते कळलं, किती आहे ते घरच्या बाईकडे राहिलं, दोघांचं भागलं. पण मेन्यूवर अॅलर्जीची माहिती लिहायची सक्ती आहे ती मुख्यतः दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांवर, आणि आपले मिसळवाले बहुतेक एकाच जागेवर, त्यामुळे ते सुटतात. सुटले तरी भिंतीवर भावफलक असतोच की सगळ्यांच्या, त्याच्याच खाली "रश्श्यात तीळ आहेत, शेंगदाणा नाही" किंवा जे काय खरं असेल ते एका ओळीत लिहायला पेंटरला कितीसा वेळ लागणार आहे.