बांधाला बांध आमचा आणि शेजारची जमीन विकल्याची खबर सगळ्यात शेवटी आम्हाला!

सकाळी मोटर चालू करायला गेलो तर शेजारच्या सात गुंठ्यांत सिमेंटचे पोल उतरवलेले. पांढऱ्या गाडीतून उतरलेला एक जण दोरी धरून मलाच म्हणतो, "काका, हा बांध जरा सरळ करून घ्यायचाय." सरळ! आज्याने दगड रचून घातलेला बांध आहे तो! खरेदीखत कधीच होऊन गेलंय. त्यावर सोबतचा एजंट, "तुम्हाला हवी असेल तर बोला, पण भाव आता दुप्पट."

अरे, हवीच होती! अख्ख्या गावाला माहीत होतं. सातबाऱ्यावर इतर हक्कात 'तुकडा', म्हणजे ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान जमीन, असा शेरा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचं कलम ७ सांगतं, असा तुकडा द्यायचा तर लगतच्या जमिनीच्या मालकालाच. लगतचा मालक मी. मग मला विचारलं कोणी? फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोटीस म्हणे चावडीवर डकवली होती. शेतीची कामं टाकून रोज चावडीवर कागद वाचत बसू का? आणि कायदा मोडला तरी बिघडतं काय? असे जुने व्यवहार पैसे भरून नियमित होतच आलेत. २०१७ मध्ये त्यासाठी बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवली, २०२४ मध्ये तीही ५ टक्क्यांवर आणली. पैसे सरकारला, जमीन बाहेरच्याला, लगतवाल्याला ठेंगा.

धाकट्या भावाने वडिलांमागचा हिस्सा परस्पर विकला तेव्हाही हेच. हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ सहवारसाला तो हिस्सा विकत घेण्याचा पहिला हक्क देतं, शेतजमिनीलाही ते लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. पण तो हक्क मिळवायला कोर्टात जा, तारखा घ्या, वकील पोसा. त्या घेणाऱ्याने पहिलं काय केलं, तर पाणंदीवर काटे टाकले. ऊस डोक्यावरून काढला आम्ही!

वकिली करणारा पुतण्या सांगत होता, फिलिपाइन्समध्ये एक हेक्टरपर्यंतची शेतजमीन बाहेर गेली तर लगतचा मालक ती सोडवून घेऊ शकतो. विकणाऱ्याने लेखी नोटीस द्यायची, तिथून तीस दिवस मुदत, आणि नोटीस दिल्याचं प्रतिज्ञापत्र नसेल तर दस्त नोंदवतच नाहीत. मग आपल्याकडे दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाला एवढा एक कागद मागायला काय होतं? चतुःसीमा तर प्रत्येक खरेदीखतात लिहितात. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. माझं नाव त्या दस्तात छापलेलं आहे आणि मलाच पत्ता नाही!

हरकतीचा अर्ज आजच देतोय. आणि त्या बांधाचा एक दगड कोणी हलवून दाखवावा.